माळव्याच्या काळ्या मातीतला राजगड: दिवाळीचा किल्ला पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

दिवाळीचा किल्ला पहिल्यांदाच बांधायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी सर्वप्रथम एकच गोष्ट सांगते: मातीला हात लावण्यापूर्वी गडाचे नाव ठरवा. चार कोपऱ्यांत चार बुरूज आणि मधोमध सिंहासन असा मनाने रचलेला किल्ला दोन तासांत उभा राहतो आणि तितक्याच लवकर मुलांच्या मनातून उतरतो. एखादा खरा गड त्याच्या खऱ्या आराखड्यानुसार बांधायला घेतला, की दरवाजा इथेच का ठेवला, पाणी कुठे साठवत असत, शत्रू कोणत्या बाजूने चढला असता, हे प्रश्न मुले स्वतःहून विचारू लागतात. इंदूरमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांना सह्याद्री खिडकीतून दिसत नाही. म्हणूनच आमच्या रामबागेतल्या अंगणात उभा राहणारा गड नेमका असावा, याबद्दल मी फार आग्रही आहे.

पहिल्या वर्षासाठी मी राजगड सुचवते, कारण त्याची आकृती एकदा पाहिली की विसरत नाही. मध्यभागी सर्वांत उंच बालेकिल्ला, आणि त्याच्यापासून तीन दिशांना फुटलेल्या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदी केलेली पठारे: उत्तरेकडे पद्मावती, पूर्वेकडे सुवेळा आणि नैऋत्येकडे लांबच लांब गेलेली संजीवनी. रायगडापूर्वी कितीतरी वर्षे स्वराज्याची राजधानी इथेच होती, राजाराम महाराजांचा जन्म १६७० मध्ये याच गडावर झाला आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगडाचाही समावेश आहे. आलेल्या पाहुण्यांना सांगण्यासारखे इतके सगळे असताना दुसरा गड शोधण्याची गरज उरत नाही.

जागा आणि वजन

अंगण असेल तर चार फूट लांब आणि तीन फूट रुंद जागा पुरेशी आहे. ती भिंतीलगत असावी, म्हणजे मागची बाजू बांधावी लागत नाही. मात्र भिंतीला माती चिकटू नये म्हणून मधे प्लास्टिकचा जाड कागद उभा करावा. सकाळचे ऊन लागणारी जागा मिळाली तर उत्तम, कारण पुढे हिरवळ उगवायची आहे.

फ्लॅटच्या गॅलरीत बांधणाऱ्यांनी आधी वजनाचा हिशेब करावा. चार बाय तीन फुटांवर सरासरी दोन इंच ओली माती पसरली, तरी तिचे वजन शंभर किलोच्या आसपास जाते. त्यामुळे गॅलरीतला गड आतून पोकळ ठेवावा आणि आकार तीन बाय दोन फुटांवर आणावा. शिवाय पाण्याचा निचरा खालच्या मजल्यावर होणार नाही, याची तजवीज पहिल्याच दिवशी केलेली बरी.

कोजागिरी झाली की आराखडा

कोजागिरीपासून वसुबारसेपर्यंत साधारण बारा दिवस मिळतात आणि ते या कामाला अगदी पुरेसे आहेत. पहिले दोन दिवस मातीविना घालवावेत. राजगडाचे उपग्रहचित्र मोबाइलवर सहज दिसते. ते मोठे करून छापून घ्यावे, त्यावर पट्टीने चौकोन आखावेत आणि तेवढेच चौकोन अंगणातल्या फरशीवर खडूने मोठ्या मापात काढावेत. मग एकेका चौकोनातली रेषा मुलांनी फरशीवर उतरवायची. हे काम मुलांकडूनच करून घ्यावे, कारण ज्याने संजीवनी माचीची रेषा खडूने काढली, त्याला ती माची आयुष्यभर आठवते.

इथे प्रमाणाचा प्रश्न समोर येतो आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. ती दोन फुटांत बसवली, तर आपल्या गडावरचा एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले जवळपास चाळीस मीटर होतात. या मापाने सहा मीटर उंचीचा तट जेमतेम दीड मिलिमीटरचा होईल, म्हणजे तो दिसणारच नाही. म्हणून दोन मापे वापरावीत: जमिनीवरचा आराखडा खऱ्या प्रमाणात ठेवावा, डोंगराची उंची त्याच्या दुप्पट ते तिप्पट घ्यावी, आणि तट, बुरूज, दरवाजे डोळ्यांना शोभतील एवढे करावेत. मुलांना हे उघडपणे सांगावे. नकाशावरही रस्ते खऱ्या रुंदीपेक्षा जाड काढतात, हे त्यांना लगेच पटते.

माती

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी सांगितलेली कृती इंदूरमध्ये जशीच्या तशी चालत नाही, याचे कारण आपली माती. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यामुळे नुसत्या काळ्या मातीचा गड तिसऱ्या दिवशी बोटभर रुंद भेगांनी फुटतो. या स्वभावाचे मूळ तिच्या जन्मात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. तो सह्याद्रीत आहे तसाच माळव्याच्या पठाराखालीही आहे, आणि त्याची झीज होऊन आपली काळी माती बनली. ज्या दगडावर राजगड उभा आहे, त्याच जातीच्या दगडाच्या मातीतून आपण इथे त्याची प्रतिकृती घडवतो, ही गोष्ट मला दर वर्षी नव्याने आनंद देते.

भेगा टाळण्यासाठी मातीत सोबती मिसळावे लागतात. दोन घमेली काळी माती घेतली तर एक घमेले पिवळी माती किंवा बारीक मुरूम, अर्धे घमेले चाळलेली रेती आणि दोन-तीन ओंजळी गव्हाचा भुसा, हे प्रमाण आमच्याकडे चांगले जमते. पिवळी माती कुंभारांकडे मिळते. बाणगंगेजवळच्या कुम्हारखाडीत दिव्यांच्या खरेदीला जाल तेव्हाच एक पोते सांगून ठेवावे. रेती घरकामाच्या सामानाच्या दुकानातून आणावी, भुसा एखाद्या गवळ्याकडून, आणि जुनी बारदाने सियागंजातल्या किराणा दुकानांतून स्वस्तात मिळतात. काळी माती मात्र विकत घेऊ नये. कुठल्याही बागेच्या किंवा शेताच्या कडेला ती आहेच, फक्त जागेच्या मालकाला विचारून घ्यावी.

माती आदल्या रात्री भिजवून ठेवावी आणि सकाळी पायांनी तुडवावी. ती थालीपिठाच्या पिठाइतकी सैल झाली, म्हणजे हाताला लागते पण थापल्या जागी राहते, की काम सुरू करण्याजोगी झाली असे समजावे. घाई करण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी: तळहाताएवढी चपटी टिकली थापून एक दिवस उन्हात ठेवावी. टिकलीला भेगा गेल्या तर रेती आणि भुसा वाढवावा. कडा चुरचुरत गळू लागल्या तर रेती जास्त झाली आहे, काळी माती घालावी. या एका टिकलीमुळे पुढचा सगळा डोंगर वाचतो.

सांगाडा आणि डोंगर

खडूच्या आराखड्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून, त्यावर रेषा पुन्हा काढून, विटांचे तुकडे रचायला घ्यावेत. बालेकिल्ल्याच्या जागी एक मोठी कुंडी उपडी ठेवली की निम्मी उंची तिथेच मिळते आणि मातीही वाचते. सुवेळा आणि पद्मावती माचीसाठी विटांचे दोन थर पुरतात. संजीवनी माची टप्प्याटप्प्याने खाली उतरत जाते, म्हणून तिच्या विटा बालेकिल्ल्याकडे उंच आणि टोकाकडे बुटक्या अशा तीन टप्प्यांत लावाव्यात. थर्मोकोल वापरू नये. तो मातीला धरत नाही आणि दिवाळीनंतर त्याचे काय करायचे हा प्रश्न उरतोच.

आता बारदाने. पातळ कालवलेल्या मातीत बारदान पूर्ण बुडवावे, थोडे निथळू द्यावे आणि सांगाड्यावर सोडावे. ते ताणून सपाट करू नये. त्याला पडणाऱ्या घड्या म्हणजेच डोंगराच्या सोंडा आणि घळी आहेत. दोन बोटांच्या चिमटीने त्या थोड्या उठावदार केल्या की सह्याद्रीचा उतार आपोआप दिसू लागतो. त्यावर माती थापताना खालून वर जावे आणि एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड थर देऊ नये. पहिला थर अर्धवट सुकल्यावर दुसरा द्यावा.

कड्यांसाठी एक बारकावा सांगते, कारण तो बहुतेक ठिकाणी राहून जातो. लाव्हाचे थर आडवे साचल्यामुळे सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात: एक उभा कडा, मग थोडा उतार, मग पुन्हा उभा कडा. माती ओलसर असताना जुन्या चमच्याच्या कडेने बालेकिल्ल्याभोवती आडव्या रेषा ओढाव्यात आणि रेषेखालची माती किंचित आत दाबावी. एवढे केले की तो मातीचा ढीग न राहता कातळ वाटू लागतो.

सुवेळा माचीवरचे नेढे, म्हणजे खडकाला आरपार पडलेले नैसर्गिक भोक, हे मुलांचे सर्वांत आवडते काम असते. माचीच्या कण्यावर मातीची उभी भिंत करून तिच्यातून पेन्सिल आरपार घालावी, ती तशीच ठेवावी आणि माती सुकेपर्यंत सकाळ-संध्याकाळ एकदा गोल फिरवत राहावी. पेन्सिल लगेच काढली तर भोक बसते. न फिरवता ठेवली तर ती मातीत अडकते आणि काढताना भिंत तुटते.

तट, दरवाजे, पाणी

डोंगर दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावा. थेट उन्हात तो वरून पटकन वाळतो, आतून ओला राहतो आणि तडकतो. त्यानंतर तटाचे काम सुरू करावे. तटाची माती चाळलेली, भुसा नसलेली हवी. तिच्या बोटाएवढ्या जाड वळ्या करून त्या ओल्या ब्रशने भिजवलेल्या कडेवर बसवाव्यात आणि पट्टीने दोन्ही बाजूंनी दाबून उभ्या कराव्यात. बुरूज बाटलीच्या झाकणाच्या साच्यात छान निघतात. तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेली भोके, आगकाडीच्या टोकाने पाडाव्यात, त्याही खालच्या दिशेने तिरक्या, कारण मारा खालून चढणाऱ्यावर करायचा असे.

संजीवनी माचीवर वेळ खर्च करावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तिथे तटाला चिलखत घातलेले आहे: बाहेर एक भिंत, आत दुसरी भिंत आणि दोन्हींच्या मधे अरुंद जागा. बाहेरची भिंत पाडून शत्रू आत घुसलाच, तर तो त्या बोळात सापडतो आणि आतल्या भिंतीवरून त्याच्यावर मारा होतो. मातीत हे दाखवण्यासाठी दोन वळ्यांमधे पेन्सिलीएवढे अंतर ठेवले तरी पुरते. मागच्या दिवाळीत आमच्या शेजारची एक लहान मुलगी, जिच्या घरी मराठी बोलले जात नाही, या माचीजवळ बराच वेळ उकिडवी बसून राहिली आणि शेवटी तिने विचारले, "आंटी, ये इधर वाला दरवाज़ा किसके लिए है?" तिचे बोट संजीवनीवरच्या अळू दरवाजावर होते. गडाला एकच वाट ठेवली आणि ती शत्रूने अडवली तर आतली माणसे कोंडली जातील, हे तिला समजावले, तेव्हा तिने स्वतःच पुढचा निष्कर्ष काढला की मग शत्रूला इतक्या वाटा एकाच वेळी अडवाव्या लागतील. पाली, गुंजवणे, काळेश्वरी आणि अळू हे दरवाजे मग तिनेच कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून लावले.

पाण्याशिवाय गड पूर्ण झाला असे मी मानत नाही. पद्मावती माचीवर तलाव आहे आणि बालेकिल्ल्यावर चंद्रकोरीच्या आकाराचे चंद्रतळे आहे. तलावाच्या जागी माती ओली असतानाच एक पसरट वाटी काठापर्यंत रुतवावी आणि कडा मातीने झाकाव्यात. थेट मातीच्या खड्ड्यात पाणी ओतले तर ते झिरपून माचीच खचते. चंद्रतळ्यासाठी जाड प्लास्टिकचा चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा उथळ खड्ड्यात बसवावा. पद्मावती देवीचे मंदिर आणि सईबाईंची समाधी याच पद्मावती माचीवर आहेत. १६५९ मध्ये सईबाईंचे निधन राजगडावरच झाले. समाधीच्या जागी मुलांकडून एक लहान चौथरा आणि त्यावर एक फूल ठेवून घ्यावे.

हिरवळ

हिरवळीसाठी अळिवासारखे बी नाही. किराणा दुकानात अळीव म्हणून समजले नाही, तर असालिया किंवा हालिम मागावे. पन्नास ग्रॅम भरपूर होतात. अळीव भिजले की त्याच्याभोवती चिकट थर येतो, त्यामुळे ते उतारावरून घसरत नाही आणि मातीला धरून राहते. मोहरीला ही सोय नाही, ती उतारावर टाकली तर पहिल्या फवाऱ्यातच पायथ्याशी गोळा होते. तिला पायथ्याच्या सपाट जागेत झाडीसाठी ठेवावे.

पेरणी वद्य अष्टमीच्या सुमारास करावी. अळीव दोन-तीन दिवसांत फुटते आणि आठवड्याभरात, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, अगदी शोभेल एवढे होते. फार आधी पेरले तर लांबून आडवे पडते. आश्विनातल्या इंदूरच्या रात्री गार असतात, म्हणून पहिल्या दोन रात्री बियांवर ओले पातळ फडके टाकून ठेवावे आणि सकाळी काढावे. पाणी केवळ फवाऱ्यानेच द्यावे. आणि कृपा करून कड्यांवर बी टाकू नये. कडे काळे आणि उघडे राहिले, हिरवळ फक्त उतारावर राहिली, तरच गडाचा आकार दुरूनही ओळखू येतो.

रंगांच्या बाबतीत संयम हवा. तटाला कोळशाची पूड आणि माती कालवून काळपट हात द्यावा, वाटांना पिवळी माती, मंदिराला चुना. तैलरंग आणि चमकी लावल्यास नंतर ती माती कुंडीतही घालता येत नाही.

माणसे आणि दिवे

पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून कोणी मावळे आणून दिले तर उत्तमच, पण त्यावाचून काही अडत नाही. आपल्याकडे दिवाळीत कुंभार लक्ष्मीपूजनासाठी मातीच्या ग्वालिनी, हत्ती आणि घोडे विकतात. ग्वालिनींना पायथ्याच्या गावात गवळणी म्हणून उभे करावे, घोडे पागेत बांधावेत, आणि मावळे घरच्या मातीतून मुलांनी घडवावेत. मूर्तींच्या आकारामुळे गड लहान दिसू लागतो, म्हणून मोठ्या मूर्ती पुढे, पायथ्याशी ठेवाव्यात आणि माच्यांवर अगदी लहान. महाराजांची मूर्ती बालेकिल्ल्याच्या टोकावर न ठेवता पद्मावती माचीवर सदरेच्या जागी बसवावी, असे मला वाटते. राज्यकारभार कुठे चालत होता हे त्यातून कळते. बालेकिल्ल्यावर भगवा ध्वज पुरेसा आहे.

पणत्या सपाट जागी, हिरवळीपासून आणि कागदी चिठ्ठ्यांपासून वीतभर दूर ठेवाव्यात, आणि विजेच्या माळेच्या जोडण्या ओल्या मातीला टेकू देऊ नयेत. शेवटच्या दिवशी किल्ला फटाक्यांनी उडवण्याची रीत काही घरांत आहे. ती मला मुळीच मान्य नाही. भाजलेल्या मातीचे आणि विटांचे तुकडे डोळ्यांपर्यंत उडतात, आणि ज्या मुलांनी तो बांधला त्यांनाच तो उडवायला लावणे योग्य नव्हे.

पाहुणे आले की गड दाखवण्याचे काम मुलांकडे द्यावे आणि मोठ्यांनी मधे बोलू नये. इंदूरमध्ये ही माहिती दोन भाषांत द्यावी लागते, त्याची तयारी एक दिवस आधी करून घ्यावी: माची, तट, बुरूज, नेढे हे शब्द तसेच ठेवून बाकीचे हिंदीत सांगता आले पाहिजे.

दिवाळीनंतर

तुळशीच्या लग्नापर्यंत गड राहू द्यावा. मग मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरून ठेवाव्यात, बारदाने धुऊन वाळवावीत आणि विटा वेगळ्या कराव्यात. रेती आणि भुसा मिसळलेली ही माती शेवंतीच्या कुंड्यांना चांगली मानवते, कारण नुसत्या काळ्या मातीत पाणी साचते. ती गोळे फोडून, चाळून वापरावी आणि एक पोते पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवावे.

दुसऱ्या वर्षी मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग घेता येईल. तिथे डोंगर नाही, सगळे कौशल्य नागमोडी तटात आणि भोवतीच्या पाण्यात आहे, त्यामुळे तो मोठ्या परातीत बसतो आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सोयीचा पडतो. पण इंदूरच्या मुलांनी कधीतरी महेश्वर करावा, असे मला मनापासून वाटते. १७६७ ते १७९५ या काळात अहिल्याबाईंनी जिथून राज्य चालवले, तो नर्मदेकाठचा गड एका दिवसात पाहून येता येतो, म्हणजे आराखडा उपग्रहचित्रावरून न काढता मुले स्वतः पावलांनी मोजून काढू शकतात. तिथे घाटाच्या पायऱ्यांसाठी माती वापरू नये. पाण्याजवळ ती टिकत नाही. विटांचे चपटे तुकडे घासून एकावर एक लावावेत आणि खालच्या दोन पायऱ्या परातीतल्या पाण्यात बुडू द्याव्यात.